लकडी पुलावर लाकूड नाही

बुधवार

ओजसची बुद्धिबळाची स्पर्धा चार दिवसांची, सात फेऱ्यांची. पालकांना हॉलमध्ये मज्जाव. म्हणजे मुलगा आत डोकं चालवणार आणि बाप बाहेर पाय. नागपूरहून रात्रभर गाडीत बसून पुण्याला उतरलो, तेव्हा चार दिवस करायचं काय, हे काही ठरलेलं नव्हतं. ते आत्याने ठरवून टाकलं, तेही नकळत, फोनवर पत्ता सांगता सांगता.

‘स्टेशनाबाहेर आलास की पीएमटी पकड. लकडी पुलाच्या अलीकडे उतर. तिथून नारायण पेठ कुणीही दाखवेल.’

एकाही बसवर पीएमटी असं लिहिलेलं नव्हतं. पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची अशा दोन बससेवा २००७ साली एक झाल्या आणि नाव पीएमपीएमएल असं लांबलचक झालं. पण विचारलं की रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे ‘पीएमटी ना, ती काय समोर’ असंच सांगतात. बसमध्ये बसलो. लकडी पूल अशी पाटी कुठे दिसते का म्हणून खिडकीला नाक लावून बसलो आणि नदी ओलांडून थेट डेक्कनला पोचलो. कंडक्टर ‘मग बोलायचं ना’ म्हणाला. मी बोललो नव्हतो हे खरं.

दोन बॅगा आणि एक बारा वर्षांचा झोपाळू मुलगा घेऊन उलट चालत निघालो. पुलावर एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन येत होते.

‘काका, लकडी पूल कुठे आहे हो?’

त्यांनी आधी मला पाहिलं, मग ओजसला, मग बॅगांना. ‘खाली बघा.’

खाली डांबर होतं.

‘त्याच्यावरच उभे आहात,’ म्हणाले आणि चालायला लागले.

पाटीवर संभाजी पूल. खाली दगडी बांधकाम आणि जानेवारीतली रोडावलेली मुठा. लाकडाचं ढलपंसुद्धा नाही. आत्याच्या घरी पोचल्यावर पहिला चहा होईपर्यंत एवढं कळलं, की पेशवाईत इथे खरोखर लाकडी पूल होता. पानिपतावरून हरून आलेल्या सैनिकांना भर वस्तीतून तोंड दाखवत यायला नको, म्हणून नानासाहेबांनी तो घाईने बांधून घेतला, असं सांगतात. लाकूड एकोणिसाव्या शतकातच गेलं आणि दगड आला. त्यानंतर पुलाला संभाजी महाराजांचं नाव दिलं, तेही सगळ्यांना मान्य. तरी भाजी आणायला जायचं ते लकडी पुलावरूनच.

‘सांगायचंस ना आत्या, की पाटीवर वेगळं नाव आहे.’

‘पाटी कोण वाचतं?’ आत्या म्हणाली. पुण्यात राहून हे वाक्य बोलायला धाडस लागतं.

दुपारी ओजसला हॉलवर सोडलं आणि त्याच्या डाव लिहायच्या वहीचं शेवटचं पान मागून घेतलं. त्यावर एक खेळ मांडला : जिथली मूळ वस्तू उरलेली नाही पण नाव उरलं आहे, अशी नावं टिपायची. पहिलं लकडी पूल. दुसरं पीएमटी. तिसरं, डोळ्यांसमोरच उभं असलेलं, डेक्कन. आपला ‘दक्षिण’. त्याचं प्राकृतात दक्खिन, मग दख्खन झालं, साहेबाने ते डेक्कन करून घेतलं आणि १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाल्यावर तो साहेबी अवतार आपल्याकडे परत आला. आता पुणेकर डेक्कनला जायला निघतो तेव्हा नारायण पेठेतून पश्चिमेला जातो. दक्षिण बिचारी भलतीकडेच. आगगाडीला मात्र १९३० पासून आपण दोन्ही नावं देऊन ठेवलीत, डेक्कन क्वीन आणि दख्खनची राणी.

रात्री आत्याने पोळीबरोबर शिकरण केलं. केळं, दूध, साखर, वरून वेलदोडा, कष्ट शून्य. हा पुण्याचा पदार्थ म्हणून आम्ही नागपूरकर त्याला हसतो. पण नाव पाहायला गेलं तर खानदानी निघतं. जुन्या संस्कृतात शिखरिणी म्हणून एक पदार्थ आहे, दही घुसळून त्यात साखर आणि सुवास घातलेला. शिकरण हे त्या शिखरिणीचं घासून गुळगुळीत झालेलं नाव. पदार्थाच्या वळणाने पाहिलं तर शिखरिणीची खरी वारस श्रीखंडाची वाटी. नाव मात्र केळ्याच्या वाटणीला आलं. हे ओजसला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘अजून आहे का?’

पहिली फेरी जिंकला होता.

गुरुवार

आज दिवसभर पेठा. सकाळी मुलाला सोडल्यावर एका मिसळीच्या दुकानात शिरलो. नाव सांगत नाही, कारण फजिती माझीच झाली. मिसळ आली, चवीला उत्तम, पण रस्सा कमी वाटला. मी सवयीने म्हणालो, ‘दादा, जरा तर्री द्या.’

‘सॅम्पल का?’

‘नाही नाही, सॅम्पल कशाला? पुरेल एवढी द्या.’

शेजारच्या टेबलावरच्या मुली पाण्याचा घोट सांभाळत हसल्या. पुण्यात मिसळीवर घालायच्या रश्श्याला सॅम्पलच म्हणतात. भांडं भरून दिलं तरी तो नमुनाच! कोल्हापूरला हाच कट, आमच्याकडे तर्री. तर्रीत फारसीतला ‘तर’ आहे, म्हणजे ओलं. पण नागपुरी माणसाला तर्री म्हटल्यावर ओल नाही, लाल तवंग दिसतो. तिन्ही गावांत कबूल असलेला एकच शब्द म्हणजे मिसळ. मिसळलं की मिसळ, त्याला व्युत्पत्तीची गरज नाही. पोरी हसल्या तरी सॅम्पल दोनदा मागून घेतलं.

तिथून कसबा. पुण्याचं जुनं गाव हेच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ सालच्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ आणि ७६८ सालच्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असा उल्लेख आहे. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. हल्लीची पोरं ‘विषय हार्ड’ म्हणतात ते वेगळं, पण पुणे हा विषय तेव्हापासूनचा आहे एवढं खरं.

लाल महालासमोर एक म्हण भेटली. घरदार उद्ध्वस्त झालं की आपण म्हणतो, गाढवाचा नांगर फिरला. लहानपणी मला वाटायचं, बैल परवडत नसेल तो शेतकरी गाढव जुंपत असेल. इथे ती अक्षरशः घडलेली गोष्ट आहे. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे जाळलं, गाढवं जुंपून नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. इथे आता कुणी वस्ती करू नये, केली तर निर्वंश होईल, असा त्याचा अर्थ. पुढे जिजाऊंनी बाल शिवाजीला घेऊन त्याच भुईवर सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, अशी कथा आहे. गंमत म्हणजे भाषेने सोन्याचा नांगर घेतला नाही. गाढवाचा घेतला. ‘अमक्याच्या घरावर सोन्याचा नांगर फिरला’ असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. महाल आता दिसतो तो महापालिकेने नव्याने बांधलेला, तेव्हा वहीत तोही टिपला.

शनिवारवाड्यात गेलो. पायाभरणी १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, दोन्ही दिवस शनिवार. म्हणून शनिवारवाडा. नावाच्या उगमाची एवढी सरळ गोष्ट पुण्यात दुसरी सापडायची नाही. १८२८च्या आगीनंतर आत उरलीत ती जोती, कारंजी आणि शाळेच्या सहली. मास्तर एका जोत्याकडे बोट दाखवून ‘काका, मला वाचवा’ सांगत होते आणि मागच्या रांगेतली दोन पोरं तेच ओरडत एकमेकांच्या मागे पळत होती.

मी कठड्यावर बसून बसच्या तिकिटामागे ‘ध चा मा’ करून पाहिला. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : ३० ऑगस्ट १७७३, अठरा वर्षांचे नारायणराव, गारदी, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ करणाऱ्या आनंदीबाई. आता पाहा. नुसता ध चा म केला तर होतं ‘मरावे’. गारद्यांनी ते वाचून डोकं खाजवलं असतं, कुणी मरावे? काना द्यायलाच हवा. म्हणजे खाडाखोड एका अक्षराची नाही, दीड अक्षराची. शिवाय मूळ चिठ्ठी मोडीत असणार, तिथलं वळण आणखी वेगळं. रामशास्त्र्यांनी खुनाची चौकशी केली, दोषारोप राघोबांवर आला, हा इतिहास. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र मला कुणा पंतोजीच्या डोक्यातून निघालेली वाटते. पण म्हण बनवणाऱ्याचा कान पाहा. ‘ध चा म’ म्हटलं नाही, काना पकडून ‘मा’ म्हटलं.

वाड्यासमोरच्या मैदानात एक छोटा मारुती आहे, त्याच्यासाठी खास आलो होतो. बटाट्या मारुती. मंडई होण्याआधी भाजीबाजार इथे उघड्यावर भरायचा, बटाट्याच्या ढिगाऱ्यांशेजारी हा मारुती, म्हणून बटाट्या. १८८६ साली बाजार इथून उठला. आता आसपास फुगे आणि भेळ मिळते, बटाटा असलाच तर भेळेत. नावात तो घट्ट बसलेला. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, तेव्हा या मारुतीचं अर्धं नाव समुद्रापलीकडचं आहे. आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात. हा मारुती नागपुरात असता तर आलूबोंड्याशी त्याची गल्लत झाली असती.

औरंगजेबाने इथे एक पेठ वसवून तिला मुहियाबाद नाव दिलं होतं. आज मुहियाबाद कुणाला विचारा. बुधवार पेठ विचारा. बादशहाचं नाव शंभर वर्षंही चाललं नाही आणि बटाट्याचं चालतंय. यामागे एक कारण मला दिसतं, चूक असेल तर पुणेकर सांगतीलच, त्यांना सांगायला आवडतं. वरून दिलेलं नाव कागदावर राहतं. खुणेसाठी पडलेलं नाव तोंडात राहतं. ‘मारुतीपाशी भेट’ म्हटलं तर या गावात दिवसभर शोधत बसावं लागेल इतके मारुती. मग बटाट्या, जिलब्या, पत्र्या, डुल्या. देवाचा अपमान म्हणून नव्हे, पत्ता म्हणून.

पुढची यादी भराभर : तुळशीबागेजवळचा जिलब्या मारुती, हलवायांच्या शेजारातला, त्याला जिलब्यांची माळ पडायची म्हणतात; आणि जिलबी हा शब्द अरबी-फारसीतल्या झलाबियाचा नातू. पासोड्या विठोबा, देवळापाशी पासोड्या विकायला बसत म्हणून. आज पासोडी म्हणजे काय हे ओजसला सांगायला मला ‘जाड पांघरूण’ असं भाषांतर करावं लागलं. निवडुंग्या विठोबा निवडुंगात सापडला, आता तिथे निवडुंग कुंडीतही नसेल. आणि या सगळ्यांवर कडी दगडूशेठ हलवाई. मिठाईवाल्याच्या धंद्याचं नाव गणपतीलाच लागलं, आणि लोक हात जोडून ते उच्चारतात.

मंडईत मात्र थांबलो. दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली गोल फिरत गेलेले गाळे. गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ती उघडली. नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. आज नाव महात्मा फुले मंडई. ज्याने बांधू नका म्हटलं त्याचं नाव, आणि बोलताना सगळे नुसतं ‘मंडई’ म्हणतात, रे नाही की फुले नाहीत.

आत्याने कोथिंबीर आणायला सांगितली होती. जिभेवर घरचाच शब्द आला.

‘मावशी, सांबार कसा दिला?’

‘सांबार हाटेलात,’ मावशींनी मान वर न करता रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

‘अहो, हा. हिरवा.’

‘ही कोथमीर हाय. सांबार कुटं हाय यात?’ मग शेजारणीला, ‘ऐकलं का, कोथमिरीला सांबार म्हनत्यात.’

‘कुठले?’ शेजारीण.

‘नागपूरचा.’

‘हां, लांबनं आलेत,’ शेजारीण म्हणाली आणि त्या एका वाक्यात मला माफ करून टाकलं. जुडी दहाला दिली, पाच मिरच्या वर टाकल्या. आमच्या सांबारवडीची गोष्ट त्यांना सांगायला गेलो नाही. ती वडी कोथिंबिरीची हे पटवून देण्यात संध्याकाळ गेली असती.

पाय दुखायला लागले तेव्हा चहा. अमृततुल्यची पाटी दिसली की पुण्यात जागा शोधावी लागत नाही, उभंच राहायचं असतं. आत एक माणूस पितळी पातेल्यासमोर. दूध, पाणी, साखर, पूड सगळं एकाच पातेल्यात, खाली जाळ मोठा. शेजारच्या खलात आलं आणि वेलदोडे ठेचायचे, तसेच वर लोटायचे. चहा फुगून काठाला आला की डावाने उचलून वरून धार सोडायची, पुन्हा फुगला की पुन्हा. मग फडक्यातून गाळून फडकं पिळायचं आणि डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायचा. टण टण. त्या आवाजावर गिऱ्हाईक वळतं. ही दुकानं मुळात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी थाटलेली. हॉटेलात चहा पिणं तेव्हा बऱ्या घरातलं लक्षण नव्हतं. पेयाला अमृताची तुलना आणि दुकानाला देवाचं नाव दिलं की काम सोपं झालं असणार.

कारण याच गावात, इथून हाकेच्या अंतरावर गुरुवार पेठेत, १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी पुढे केलेल्या चहावरून रान उठलं होतं. रानडे, टिळक, गोखले असे लोक त्या बैठकीला होते. हजर असलेल्यांची नावं छापून आली, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तं झाली. चहाच्या एका कपाला प्रायश्चित्त! आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच चहाला अमृततुल्य म्हटलं.

रात्री ओजसला साडेतीन शहाण्यांची गोष्ट सांगितली. सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, आमच्या नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण बुद्धी अफाट पण तलवार चालवता येत नसे. एक पूर्ण शहाणा नागपूरचा, हे मी आत्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

‘अर्ध्यानेच राज्य चालवलं,’ आत्या स्वयंपाकघरातून.

आज एक जिंकला, एक हरला.

शुक्रवार

पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन. मी ऐंशीच्या पुढे मोजणं सोडलं. वर नानासाहेबांनी १७४९ साली बांधलेलं देवस्थान, आणि तिथेच त्यांची समाधी. पानिपतानंतर पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ ला, ते इथे पर्वतीवर गेले.

वरून सगळं पुणं दिसतं म्हणतात. धुकं आणि धूर मिळून जे दिसू देतात तेवढं दिसलं. पण बसायला जागा चांगली आहे, आणि मनात पानिपत घेऊन बसलं की वहीचं पान पुरत नाही. एका पराभवाने मराठीला किती शब्द द्यावेत! काम पुरतं फसलं की पानिपत झालं. विश्वासराव पडले आणि ‘विश्वास गेला पानिपतात’ ही कोटी जन्माला आली, तीही रडता रडता केलेली. लग्नाच्या मांडवात आपण जी भाऊगर्दी म्हणतो ती सदाशिवरावभाऊंच्या शेवटच्या दिवसाची रणधुमाळी. आता तिथे फक्त बुफेची रांग असते. आणि तोतया! भाऊंचं प्रेत ओळखण्यावरून शंका राहिली, तेव्हा भाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला. त्याने मोठा पसारा मांडला आणि १७७६ साली त्याला मृत्युदंड झाला. आजही तोतया म्हटलं की पहिला आठवतो तो भाऊंचाच.

नानासाहेबांना मिळालेली ती सावकारी चिठ्ठी तर शाळेत सगळ्यांनी वाचलेली : दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. शाळेत हे अलंकार म्हणून शिकलो होतो. समाधीपाशी बसल्यावर खुर्दा या शब्दाशी अडकलो. चिल्लर. कुणाकुणाच्या घरचे होते ते, आणि हिशेबात गणतीशिवाय गेले.

गणेश पेठेतल्या डुल्या मारुतीबद्दलही तेच सांगतात, की पानिपतावर लढाई चालू असताना तो इथे डोलत होता. मी काही त्यावर बोलणार नाही. ज्या गावाला महिना-महिना बातमी येत नव्हती, त्या गावात मूर्ती डोलणारच.

खाली सारसबाग. तळ्यातला गणपती, म्हणजे अर्थातच तळं नाही. पेशव्यांनी इथे तळं केलं होतं, मध्ये बेट होतं, सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, त्यावर गणपती बसला. तळ्याच्या जागी हिरवळ आहे. ‘तळ्यातल्याला जाऊन येते’ म्हणत बायका चपला न भिजवता जातात.

घरी आलो तर आत्याने संक्रांतीसाठी तीळ भाजायला घेतलेले. पंचांग उघडं, कारण यंदाच्या संक्रांतीच्या वस्त्राचा रंग बघायचा होता. मी पर्वतीचं सांगायला लागलो.

‘पानिपत झालं ते ऐन संक्रांतीला,’ आत्या तीळ हलवत म्हणाली. ‘म्हणून तर म्हणतात संक्रांत कोसळली. चौदा जानेवारी.’

मीही मान डोलावली. हे मी पण असंच ऐकत आलोय आणि चारचौघांत सांगतही आलोय.

‘चांगलंही झालंय त्या दिवशी,’ आत्या ओजसकडे वळून म्हणाली. ‘विवेकानंद जन्मले संक्रांतीला.’

ओजस तीळ खात होता. ‘पण आजी, युवा दिन बारा जानेवारीला असतो. आम्हाला भाषण असतं.’

कढईतला झारा थांबला.

विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती, हे दोन्ही खरं आहे. कारण संक्रांत चौदाला बांधलेली नाही. सूर्य मकर राशीत शिरण्याची वेळ आपण ताऱ्यांवरून मोजतो, आणि ते वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षाहून वीसेक मिनिटांनी मोठं. साठवत साठवत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. आता ती चौदाची पंधराला जायला लागली आहे ती त्यामुळेच. मग मागे जा. १८६३ ला बारा, तर त्याआधी शंभर वर्षं? ओजसने बुद्धिबळाच्या वहीत भागाकार केला. दहा, फार तर अकरा. पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. तिळगूळ असलाच तर शिळा.

आत्या काही वेळ बोलली नाही. तिला खोटं ठरल्याचं वाईट वाटलं असं मला वाटलं, पण ती पंचांग चाळत होती.

‘हे बघ,’ म्हणाली. ‘संक्रांत देवी आहे. दर वर्षी वाहन वेगळं, वस्त्र वेगळं, हातात शस्त्र वेगळं. ज्या रंगाचं नेसली तो रंग वर्ज्य, जे हातात धरलं ते महाग, ज्या दिशेला बघते तिकडे अरिष्ट. माझी आजी बघायची, तिची आजी बघायची. संक्रांत येणं वाईट, हे पंचांगातच आहे. त्याला पानिपत कशाला लागतं?’

मला हे पानिपतापेक्षा जास्त पटलं. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायचं आणि त्याच देवीची नजर चुकवायची, हे दोन्ही एकाच स्वयंपाकघरात इतकी वर्षं सुखाने नांदतंय. वहीतल्या ‘संक्रांत कोसळणे’वर ओजसने काट मारली, मी ती पुसायला लावली. म्हण खोटी नाही, तिचा बाप बदलला एवढंच.

रात्री बाकरवडीवरून मात्र निकाल लागला नाही. आत्याच्या मते बाकर म्हणजे आतलं सारण, खोबरं-तीळ-खसखस, म्हणून बाकरवडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, छे, भाकरीसारखी लाटायची म्हणून भाकरवडी, गुजरातीत भाखरवडीच म्हणतात. गुजरातीत म्हणतात हे खरंच. दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी, आणि हा वाद आज पहिल्यांदा चाललेला नव्हता. मी आमच्या पुडाच्या वडीचं नाव काढलं, पुडीसारखी बांधतात म्हणून पुडाची, तर दोघींनी मिळून ‘ती वेगळी’ म्हणून मला गप्प केलं.

दोन फेऱ्या झाल्या. एक बरोबरी, एक हार.

शनिवार

सकाळी कॅम्प. जुने लोक अजून लष्कर म्हणतात, मेन स्ट्रीटचा महात्मा गांधी रस्ता झाला तरी मेन स्ट्रीट म्हणणारेही भेटतात. पेठांतला नियम इथेही चालतो, फक्त इंग्रजीत.

ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीपुढे रांगेत उभा राहिलो. १९५५ पासूनचं इराणी दुकान. श्रूसबरी बिस्किटांसाठी ही गर्दी. ‘श्रूसबेरी दोन डबे’, ‘श्रुजबरी अर्धा किलो’, ‘ती बेरीची बिस्किटं’ असे तीन उच्चार तर माझ्यापुढेच ऐकले. श्रूजबरी हे इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातलं सेव्हर्न नदीकाठचं गाव, तिथल्या लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांना गावाचं नाव पडलं. त्या गावच्या लोकांचंही आपल्या गावाचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी यावर एकमत नाही, तेव्हा पुणेकरांना नावं ठेवायचं कारण नाही. दोन डबे घेतले.

दुपारी निकाल. सात फेऱ्यांत साडेतीन गुण. ओजसचा चेहरा पडलेला. घरी येऊन त्याने आत्याला आकडा सांगितला.

‘साडेतीन?’ आत्या म्हणाली. ‘मग ठीक आहे की. शहाणा आहेस.’

त्याला लागलीच समजलं, मला अर्ध्या मिनिटाने. निघताना तिने हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या, संक्रांत चार दिवसांवर असतानाच, आणि म्हणाली, परत येशील तेव्हा लकडी पुलाच्या अलीकडे उतर.

नागपूरला पोचल्यावर बायकोने डबा उघडला. एक बिस्कीट खाल्लं, दुसरं मोडून आत निरखून पाहिलं.

‘छान आहे,’ म्हणाली. ‘पण यात बेरी कुठाय?’